बिनभिंतींचा डबा

धाकटा : …आणि नाहीच म्हणायचं होतं, ताई, तर हिवाळ्यात म्हणायचंस. आता पाइप बसले, पंप बसले, बाहेर उद्घाटनाच्या खुर्च्या मांडायला माणसं आलीत, आणि तू पंपघरात येऊन सांगतेस की उद्या फिल्टर सुरू करू नकोस.

ताई : हिवाळ्यात मला ठाऊक नव्हतं, परवा ठाऊक झालं. कळल्यावर गप्पच बसायचं असेल, तर कळून घ्यायचा उद्योग माणसानं करावा तरी कशाला?

धाकटा : हे वाक्य तू येताना बसमध्ये तयार केलंस.

ताई : केलं. बरं जमलंय ना?

धाकटा : झकास जमलंय. पण वाक्यानं पंप थांबत नाही. उद्या सकाळी मी हा लाल व्हॉल्व्ह फिरवणार, तळ्याचं पाणी तुझ्याच पॉलिमरच्या पातळ पटलांमधून गाळून निघणार, आणि लोक पुन्हा पोहायला लागणार. तुझी पटलं, ताई! कॉम्प्युटरवर तूच घडवलीस ती. मी फक्त नळजोडणी केली.

आई : मला कुणी एवढंच सांगा, मी उद्या पोहायचं की नाही? पिशवी भरून आणलीय मी. टॉवेल, टोपी, सगळं.

धाकटा : पोहायचं, आई.

ताई : नाही पोहायचं, आई.

आई : छान. एकाच पोटातून निघालात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

धाकटा : ताई, तिच्या खांद्याकडे बघ जरा. पाठीच्या कातडीवरची ती गाठ काढल्यापासून हात वर जात नाही तिचा. डॉक्टर म्हणाले, पोहा. तेच डॉक्टर म्हणाले, सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात पाऊल टाकू नका. आणि नेमकं त्या सनस्क्रीनपायी तळं बंद झालं. तिनं करायचं काय?

आई : करायचं काय, घरी बसून हात भिंतीवर सरकवायचा. भिंतीची माया लागली मला आता.

ताई : तळं उगाच बंद नाही झालं. लोकांच्या अंगावरचं सनस्क्रीन धुऊन पाण्यात जात होतं, आणि ओढ्याच्या तोंडाशी माशांची पिल्लं वाकडी निघायला लागली होती. तू स्वतः दाखवली होतीस मला, तळहातावर घेऊन.

धाकटा : म्हणून तर फिल्टर! तुमच्याच संस्थेनं सुचवलेला. तूच सांगितलंस, हे पॉलिमर सनस्क्रीनचा रेणू पकडतं. तळ्याच्या समितीसमोर मी शब्द टाकला तो तुझ्या जिवावर. आता तू फिरलीस, तर मी तोंड कुठे लपवू?

ताई : लपवू नकोस. माझ्याकडे बोट दाखव. मॉडेल माझं, चूक माझी, आणि ती चूक आहे हे सांगायचा हक्कही माझाच. तो मी कुणाला देणार नाही.

धाकटा : तुझ्या संस्थेचे साहेब म्हणाले की चूकबिक काही नाही. जगात सगळे असंच करतात.

ताई : अच्छा. म्हणजे साहेबांचा फोन तुला आला होता.

धाकटा : …काल.

ताई : आणि काय म्हणाले? की तुझी बहीण हट्टी आहे, तू तिचा लाडका, जरा गोडीगुलाबीनं घे?

धाकटा : हट्टी नाही म्हणाले. "संवेदनशील" म्हणाले.

आई : म्हणजे हट्टीच. शिकलेला माणूस शिवी देतो तेव्हा अशीच देतो.

धाकटा : ते म्हणाले, मॉडेल करणाऱ्याचा होकार असल्याशिवाय यंत्र सुरू करता येत नाही, तो उद्या सकाळी खुर्च्यांसमोर द्यायचा आहे. "होय" एवढं एका शब्दाचं काम. दिलंस, तर नव्या प्रयोगशाळेची प्रमुख तू. नाही दिलंस, तर… ते काही बोलले नाहीत. नुसते थांबले.

ताई : त्यांचं थांबणं ओळखते मी. पुढचा माणूस आपण होऊन वाकेपर्यंत ते थांबतात.

आई : आता मला समजेल असं सांग. तू काय चुकलीस? आणि ते रेणूबिणू नको, साधं सांग.

ताई : साधंच आहे, आई. कॉम्प्युटरला अख्खं तळं झेपत नाही. म्हणून आम्ही पाण्याचा एक इवलासा डबा घेतो. त्याच्या मधोमध पॉलिमरचं पटल, आणि त्याच्या दोन्ही अंगांना थोडं पाणी. त्या पाण्यात सनस्क्रीनचे रेणू सोडायचे आणि बघत बसायचं, कोण पटलाला चिकटतं, कोण सुटतं.

आई : म्हणजे तुझी ती जाळी डब्यात बसवलेली.

ताई : हो, जाळी म्हण. पण डब्याला भिंती ठेवल्या, तर रेणू भिंतींवर आपटून भलतंच वागतात. म्हणून आमच्यात एक रीत आहे. भिंती काढून टाकायच्या. वरून जो बाहेर पडेल, त्याला त्याच क्षणी खालून आत घ्यायचं. डावीकडून गेला, की उजवीकडून हजर. बिनभिंतींचा डबा. आत असलेल्याला वाटतं आपण अथांग पाण्यात आहोत.

आई : फसवणूकच की ही.

ताई : सोय आहे. डबा पुरेसा मोठा असेल तर निरुपद्रवी. आमचा लहान होता. लहान डबा लवकर गणून होतो, म्हणून आमच्याकडे सगळे तोच वापरतात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती आलेला.

धाकटा : लहान तर लहान! रेणू पटलावर दिसत होता की नाही? आम्हाला फिल्म दाखवली होतीस. पिवळा ठिपका जातो काय, येतो काय, शेवटी पटलावरच बसलेला.

ताई : तीच फिल्म मी परवा पुन्हा पाहिली. तो बसलेला नव्हता रे. तो सुटत होता, पुन्हा पुन्हा. वरून सुटायचा, निघून जायचा, आणि आमच्या रीतीप्रमाणे खालून येऊन त्याच पटलावर आदळायचा. आम्ही त्याची नोंद करायचो "पकडला". त्याला कुणी पकडलंच नव्हतं.

धाकटा : हे तुझं कवितेतलं बोलणं झालं.

ताई : मग गद्यात ऐक. सगळे सुट्टीवर गेले, मशीन रिकामी पडली, तेव्हा मी डबा मोठा केला. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. भरपूर पाणी दिलं दोन्ही अंगांना. पिवळे ठिपके एकेक करून निघून गेले, आणि परत आले नाहीत. पटल ओस पडलं.

धाकटा : आणि प्रयोगशाळेत? तिथे तर डबा नव्हता! खरं पाणी, खरं पॉलिमर. काचेच्या भांड्यात ठेवलं, पाणी स्वच्छ झालं. तुझ्या भुतांच्या डब्यावर विश्वास ठेवू, की डोळ्यांनी पाहिलेल्या भांड्यावर?

ताई : त्या भांड्याबद्दलच बोलायचंय मला…

धाकटा : नाही, आता मी बोलतो. खरं सांगू? तुला कुठलीच गोष्ट पुरी झालेली सोसत नाही. शाळेत चित्र पुरं झालं की फाडायचीस. लग्न ठरलं, मोडलंस. आता माझं तळं सुरू व्हायची वेळ आली, तर तुला त्यातही भोक दिसलं.

ताई : भोक आहे म्हणून दिसलं! आणि ते लग्न मी मोडलं, कारण त्या माणसाला बायको नको होती, मान डोलावणारी बाहुली हवी होती. साहेबांनाही तीच हवीय. मी पहिल्यांदा डोलावली नाही, आता काय म्हणून डोलावू?

धाकटा : म्हणजे साऱ्या जगात एकटी तू ताठ, आणि आम्ही सगळे…

आई : पुरे! दोघंही गप्प बसा. खांदा माझा, तळ्याविना अडलंय माझं, आणि भांडता तुम्ही असे, जणू मी या बाकावरची पिशवी आहे. जाते मी घरी. बसा तुमचा डबा आणि तुमचं भांडं घेऊन.

(मागचं दार आपटलं. ताईला वाटलं, आता आईच्या मागे धावायला हवं. खिडकीबाहेर कुंपणाच्या तारांमधून तळं दिसत होतं, ऊन पिऊन सुस्तावलेलं, आपल्याविषयी इतकं बोललं जातंय याचा त्याला गंधही नव्हता. पण पंपाच्या थंड लोखंडावर हात ठेवून ती उभीच राहिली. भावाकडे पाहायचं तिनं टाळलं, आणि त्यानंही तेच केलं. थोड्या वेळानं पुढचं दार करकरलं.)

आई : हसू नका.

धाकटा : आई? तू मागच्या दारानं गेली होतीस ना?

आई : गेले होते. कुंपणाला फाटक एकच, आणि त्याला हे एवढं कुलूप. ओरडणार कुणाला, आणि कोणत्या तोंडानं? पंपघराला वळसा घालून पुढच्या दारानं आले. दुसरीकडे जाणार कुठे?

ताई : …धाकट्या.

धाकटा : कुलूप मीच लावलंय. खुर्च्यांवाली माणसं आत घुसतात म्हणून.

ताई : धाकट्या, आत्ता काय झालं?

धाकटा : आई गेली आणि आई आली.

ताई : फिल्म काढली असती, तर शेवटच्या चित्रात आई कुठे दिसली असती?

धाकटा : इथेच. खोलीत.

ताई : आणि आपण काय लिहिलं असतं? खोलीनं आईला धरून ठेवलं?

आई : खोली कसली धरतेय! खोलीत आहे काय धरण्यासारखं? ग्रीसचा वास आणि तुमची तोंडं.

धाकटा : थांब. थांब जरा. म्हणजे ते काचेचं भांडंसुद्धा…

ताई : बोल.

धाकटा : भांड्यातसुद्धा फाटक नव्हतं. पाणी तेच, तिथल्या तिथे. सुटलेला रेणू जाणार कुठे? तो आसपासच घुटमळणार आणि परत चिकटणार. आम्ही पाणी कधी बदललंच नाही, ताई. एकदा पटल बुडवलं, ढवळलं, पाणी तपासलं, झालं.

ताई : मॉडेल आणि भांडं एकमेकांकडे बघून माना डोलावत होती. दोघांची खोड एकच, म्हणून दोघांचं पटलं.

धाकटा : पण तळं वाहतं. पहाटे वरच्या झऱ्याचं ताजं पाणी येतं. मी तर मुद्दाम ती वेळ धरलीय, पटलं धुऊन निघतील म्हणून… दिवसभर लोक पोहणार, पटलं सनस्क्रीननं भरणार, आणि पहाटे कोरं पाणी आलं की…

ताई : की फाटक उघडणार.

धाकटा : सगळं एकदम सुटणार. ओढ्याच्या तोंडाशी. जिथे मासे अंडी घालतात, तिथेच माझा पाइप संपतो. म्हणजे तळं बंद होण्याआधी जे विष थेंबाथेंबानं जायचं, ते मी दिवसभर साठवून एका घोटात पाजणार.

आई : आणि वर खुर्च्या मांडून, टाळ्या वाजवून.

धाकटा : पाइप दुसरीकडे वळवला तर?

ताई : कुठे वळवशील? जिथे वळवशील तिथे कुणीतरी राहत असेलच.

धाकटा : हं.

आई : एक सांगू? तुमच्या बाबांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांनी मला धरून ठेवलंय. चारचौघांत सांगायचे, रागावून गेली तरी संध्याकाळी घरातच असते. मी काय बोलणार? माहेर उरलं नव्हतं, हातात नोकरी नव्हती. फाटकाला कुलूप होतं एवढंच. त्याला ते प्रेम म्हणायचे.

ताई : आई, हे तू कधी…

आई : कधी विचारलंत? मला तुझी जाळी कळली नाही इतकी वर्षं, पण डबा लगेच कळला. आता डोळे पुसू नकोस, पुढचं बोल. मग धरून ठेवणारी जाळी असतेच कुठे, की नसतेच?

ताई : असते. तीच तर गंमत आहे. एक पॉलिमर आम्ही पहिल्याच फेरीत काढून टाकलं होतं. आळशी म्हणायचो आम्ही त्याला. रेणू त्याच्या आत शिरायलाच फार वेळ घ्यायचा, आणि लहान डब्यात त्याचं काही वेगळेपण दिसेना. परवा मोठ्या डब्यात त्यालाही सोडलं. रेणू सावकाश आत गेला, आणि चारी बाजूंना मोकळं पाणी असताना बाहेर आला नाही.

धाकटा : मग तेच बसवू!

ताई : आधी तपासू तर दे. मॉडेलनं सांगितलं म्हणून लगेच बसवायचं, हे आपण एकदा करून बघितलंय. वाहत्या पाण्यात तपासायला हवं. माणसं लागतील, मशीन लागेल. आणि मशीन साहेबांच्या ताब्यात.

धाकटा : त्यांचाच फोन वाजतोय. माझ्या मोबाइलवर.

ताई : उचल.

धाकटा : काय सांगू?

ताई : जे खरं वाटतं ते.

धाकटा : हॅलो. हो साहेब, आलीय ती. इथेच आहे. समजावलं, हो, पुष्कळ समजावलं. …कुणी कुणाला? ते जरा उलटंसुलटं झालं, साहेब. मला समजलं. …नाही, उद्या व्हॉल्व्ह फिरणार नाही. …नाही, ती सांगते म्हणून नाही. पंप मी चालवतो, पाइप कुठे संपतो ते मला ठाऊक आहे. …देतो. ताई, तुझ्याशी बोलायचंय म्हणतात. फार गोड आवाजात.

ताई : दे. …नमस्कार सर. …हो, सर, सगळे लहानच डबा घेतात हे मला मान्य आहे. सगळे चुकले, तर चूक मोठी होते, खरी होत नाही. …तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मी विसरलेले नाही. पण त्याची परतफेड मी माशांकडून करून घेणार नाही. …उद्या मी येणार आहे. खुर्च्यांसमोर उभी राहणार आहे, आणि दोन्ही फिल्म दाखवणार आहे, लहान डब्याची आणि मोठ्याची. …मग काढून टाका. …सर, तुम्ही आता थांबलात ना, मी बोलेन म्हणून? मला जे बोलायचं होतं ते बोलून झालंय. थांबा हवं तेवढं. …नमस्कार.

आई : ठेवला?

ताई : ठेवला.

आई : काय म्हणाले?

ताई : नोकरीवरून काढतो म्हणाले. हा घे तुझा मोबाइल, धाकट्या.

धाकटा : ताई, त्यांनी खरंच काढलं तर?

ताई : तर कळेल, की इतकी वर्षं त्या संस्थेनं मला धरलं होतं, की मला जायला जागा नव्हती. उघड्या पाण्यात सोडल्याशिवाय हे कळत नाही, रेणूलाही नाही आणि मलाही नाही. दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहीन. आळशी पॉलिमर घेऊन.

धाकटा : उद्या समिती मला फाडून खाणार. माणसं येणार, खुर्च्या भरणार, आणि मी व्हॉल्व्हसमोर हाताची घडी घालून उभा.

ताई : भीती वाटते?

धाकटा : वाटते. पण घडी घालायला हात मोकळे आहेत. तू बोल, मी उभा राहतो. आई, तुझ्या पोहण्याचं मात्र लांबलं गं. तुझ्यासाठीच तर…

आई : माझ्या नावावर काही ढकलू नका. माझा खांदा, मी बघेन. तळं बंद आहे ते लोक अंगाला थापून येतात म्हणून. मी थापणारच नाही. मनगटापासून घोट्यापर्यंत कपडे शिवून घेईन, डोक्याला फडकं बांधेन, आणि ऊन चढायच्या आत उतरेन.

धाकटा : समिती परवानगी देणार नाही.

आई : तुझ्या ताईनं मोठा डबा विचारून केला होता का?

ताई : आई!

आई : बरं, विचारेन. उद्याच विचारेन, खुर्च्यांसमोर. तुझं बोलणं झालं की लगेच. लोक हसतील. बुजगावणं पोहतंय म्हणतील. म्हणू देत. बुजगावण्याला ऊन लागत नाही, आणि ते कुणाला विषही घालत नाही.

धाकटा : आपल्या तिघांनाही उद्या बाहेर काढणार बहुतेक.

आई : काढू देत. किल्ली कुठाय फाटकाची?

धाकटा : ही घे. कशाला?

आई : तळ्यापर्यंत जाऊन येते. पाय बुडवते जरा. बघू नकोस असा, पायांना काही लावलेलं नाही.

ताई : मी येऊ सोबत?

आई : नको. एकटीनं जाऊ दे मला एकदा.

धाकटा : परत येशील ना?

आई : फाटक उघडं ठेवून जातेय. आता येईन ती माझ्या मनानं येईन.